जुना लॅपटॉप विकताना : मळ काढा, ओरखडा दाखवा



२०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि अभ्यास ऑनलाइन झाला, तेव्हा अनेक घरांनी पोटाला चिमटा घेऊन लॅपटॉप घेतला. कोणी गटातून कर्ज काढून, कोणी जुनाच. आता ती पोरं पुढच्या शिक्षणाला गेली, कोणाला नवीन लॅपटॉप लागला, आणि जुना कपाटात कपड्यांच्या घडीखाली पडून आहे. काही ग्रामसंघांकडेही असा एखादा आहे. विकावा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "ताई, याच्यावर ओरखडे लय आहेत, याला कोण घेईल?" आणि लगेच दुसरा, "टूथपेस्ट घासली तर जाते म्हणतात, खरं आहे का?"

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर या लेखात आहे. थोडक्यात आधीच सांगते : जो मळ आहे तो काढा, जो खरा ओरखडा आहे त्याला हात लावू नका, तो घेणाऱ्याला सरळ दाखवा. असं का, ते पुढे वाचा.

ओरखड्याने भाव किती पडतो?

बैलबाजारात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. शिंगं रंगवली, तेल लावलं, झूल टाकली, तरी घेणारा आधी दात पाहतो, मग बैल चालवून पाहतो. लॅपटॉपचंही तसंच आहे. जाणकार माणूस झाकणावरचा चरा नंतर पाहतो. आधी तो विचारतो, चालू होतो का? बॅटरी किती वेळ टिकते? स्क्रीनवर रेघ किंवा काळा डाग आहे का? सगळी बटणं चालतात का? चार्जर मूळचा आहे का?

आणखी एक गोष्ट सध्या भावावर मोठा परिणाम करते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. नवीन विंडोज ११ सगळ्या जुन्या लॅपटॉपवर चढत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात, त्याआधीचे बहुतेक नाहीत. आपला कोणता, हे पाहायला सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टिम आणि मग अबाउट उघडा. तिथे 'आय ५-८२५०' असं काही लिहिलेलं दिसेल. आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा ८ म्हणजे आठवी पिढी, ७ म्हणजे सातवी. १० किंवा ११ ने सुरुवात असेल तर दहावी किंवा अकरावी. रॅम किती आहे तेही तिथेच दिसतं. हे दोन्ही कागदावर लिहून ठेवा, घेणारा विचारणारच.

मग ओरखड्याचा भावाशी संबंध काय? संबंध आहे, पण तो बहुतेक वेळा बोलण्यातला. दुकानदार झाकणावर बोट ठेवून म्हणतो, "बाई, याले त ओरखडे पडले हायेत, याचं काय येते!" आणि आपण मनातून खचतो. तो सांगेल त्या किमतीला हो म्हणतो. म्हणून ओरखडा म्हणजे नक्की काय, हे आपल्याला कळलं पाहिजे. कळलं की बोलता येतं.

आधी ओळखा : मळ, ओरखडा, पोचा की तडा?

लॅपटॉप खिडकीपाशी घ्या, पण उन्हात नको. थोडा तिरपा धरा, म्हणजे सगळ्या खुणा दिसतात. प्रत्येक खुणेवरून नख अगदी हलकं फिरवा.

नख कुठेच अडकलं नाही, तर तो बहुतेक मळ आहे किंवा दुसऱ्या वस्तूचा रंग लागलेला आहे. कपाटाच्या लोखंडी कडेचा रंग, काळ्या बॅगेचा रंग, स्टिकरचा गोंद, हळदीचं बोट, घामाचा थर. लांबून हे सगळं ओरखड्यासारखंच दिसतं.

नख अडकलं, तर तिथला थर निघालेला आहे. हा खरा ओरखडा. फडक्याने तो जाणार नाही.

पृष्ठभाग आत दबला असेल तर तो पोचा. गंजाला पोचा पडला म्हणून आपण गंज फेकत नाही, तसंच हे. पण पोचा ज्या ठिकाणी आहे त्याच्या मागे स्क्रीन आहे का, ते पाहा. स्क्रीन चालू करून पांढरं पान उघडा. त्या जागी काळा किंवा पिवळा डाग दिसत असेल तर मार आतपर्यंत लागला आहे.

आणि तडा म्हणजे भेग. बिजागरीजवळच्या कोपऱ्यात, म्हणजे झाकण जिथे जोडलेलं असतं तिथे, ती जास्त पडते. तडा हा ओरखडा नाही. झाकण उघड-बंद करताना तो रोज वाढतो. त्याला ओरखडा म्हणून विकणं म्हणजे फसवणूकच.

आता एक गंमत सांगते. स्क्रीन बंद असताना तिच्यावर चौकोनी चौकोनी पुसट रेघा दिसल्या की पुष्कळ जणी घाबरतात, स्क्रीनला ओरखडे पडले म्हणून. बहुतेक वेळा ते ओरखडे नसतात. बोटांचं तेल बटणांना लागतं, झाकण दाबून बंद केलं की तेच तेल स्क्रीनवर छापलं जातं. ओल्या मऊ कापडाने ते निघून जातं.

मळ कसा काढायचा?

सामान घरचंच आहे. जुन्या सुती लुगड्याचे किंवा बनियनचे दोन-तीन धुतलेले तुकडे, एक मऊ ब्रश (रंगकामाचा नवीन, बारीक), वाटीभर पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, खोबरेल तेल आणि पोरांचं पांढरं खोडरबर. कापड घेताना जर, टिकली, हूक किंवा बटण त्यात राहिलेलं नाही ना, हे बोटाने चाचपून पाहा. लॅपटॉप पुसायला घेतला आणि पदराच्या जरीनेच नवीन चरा पडला, असं नको. पाणी शक्यतो आरओचं घ्या. बोअरच्या पाण्याने वाळल्यावर पांढरे ठिपके उमटतात.

१. लॅपटॉप पूर्ण बंद करा. चार्जर काढा. मागची बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. गरम असेल तर गार होऊ द्या.

२. तळाशी किंवा कडेला कुठे फुगवटा दिसतो का, टचपॅड वर उचलल्यासारखं झालं आहे का, हे पाहा. तसं असेल तर आतली बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. बाकी सगळं थांबवून आधी दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

३. आधी धूळ झटका, मगच पुसा. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या धुळीत बारीक वाळूचे कण असतात आणि ते प्लास्टिकपेक्षा कडक असतात. कोरड्या फडक्याने धूळ रगडली की आपणच नवे ओरखडे पाडतो. ब्रशने हलकं झाडा, बटणांच्या फटीतलंही काढा. लॅपटॉप उलटा तिरपा धरला की बारीक कचरा खाली पडतो. बाजूच्या जाळीत, जिथून गरम हवा बाहेर येते, तिथे कापसाचे तंतू आणि धूळ अडकून असते. ती ब्रशने बाहेर ओढा, आत ढकलू नका.

४. वाटीतल्या पाण्यात लिक्विडचे दोन थेंब टाका. कापड त्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की दाबल्यावर थेंब पडता कामा नये. त्याने झाकण, तळ आणि हात टेकायची जागा पुसा. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने, आणि शेवटी कोरड्या कापडाने. पाणी थेट लॅपटॉपवर कधीच शिंपडायचं नाही.

५. स्क्रीनसाठी वेगळं स्वच्छ कापड घ्या. फक्त साधं पाणी, तेही कापड जेमतेम ओलसर. दाबायचं नाही, एका दिशेने हलक्या हाताने पुसायचं. काच पुसायचं निळं लिक्विड स्क्रीनला लावू नका. बऱ्याच लॅपटॉपच्या स्क्रीनवर चमक कमी करणारा पातळ थर असतो, तो अशा लिक्विडने खराब होतो आणि मग ढगाळ डाग कायमचे राहतात.

६. स्टिकरचा चिकट गोंद राहिला असेल तर त्यावर खोबरेल तेलाचं बोट लावा. दहा मिनिटं ठेवा, कापडाने पुसा, पुन्हा साबणाच्या ओलसर कापडाने तेल काढा. बटणांजवळ किंवा फटीजवळ तेल नेऊ नका. गोंद काढायला सुरी, ब्लेड, सेफ्टी पिन वापरू नका.

७. दुसऱ्या वस्तूचा लागलेला रंग पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून पाहा. चार-पाच वेळा फिरवून फरक नाही पडला तर थांबा.

८. तरीही तेलकट थर राहिला तर मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाच्या टोकावर घ्या आणि आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी लावून पाहा. कापडाला लॅपटॉपचा रंग लागला तर पुढे जाऊ नका. रंग नाही लागला तर झाकणावर आणि बटणांवर चालेल. स्क्रीनवर मात्र नको. चूल, गॅस, उदबत्ती जवळ नसावी, हे लवकर पेट घेतं. हाताला लावायचं चिकट सॅनिटायझर याच्या जागी चालत नाही, त्याचा थर उरतो.

सगळं झाल्यावर लॅपटॉप उघडा ठेवून सावलीत, पंख्याखाली तासभर वाळू द्या. उन्हात किंवा टिनाच्या छपराखाली ठेवू नका. आपल्या वर्ध्याचा उन्हाळा पापड वाळवायला चांगला, लॅपटॉपला नाही.

एवढं केलं की निम्म्याहून जास्त 'ओरखडे' दिसेनासे होतात असं बऱ्याच वेळा होतं, कारण ते ओरखडे नव्हतेच.

मग खरा ओरखडा घासून का जात नाही?

पितळेचा गुंड चिंच आणि राखेने घासला की लख्ख होतो. कारण पितळ वरपासून आतपर्यंत पितळच असतं. वरचा काळपट थर गेला की खाली तोच रंग, तीच चमक. लॅपटॉपचं तसं नाही. त्याची गोष्ट कल्हईसारखी आहे. रंग फक्त वर असतो, खाली वेगळंच असतं. कल्हई घासून परत येते का? उलट जेवढी घासाल तेवढी जास्त उडते.

बहुतेक स्वस्त लॅपटॉपचं झाकण प्लास्टिकचं असतं, वर रंगाचा थर किंवा बारीक खरखरीत नक्षी. खरखरीत भाग घासला की तो गुळगुळीत होतो आणि तेवढीच जागा तेलकट चमकायला लागते. आधी एक बारीक रेघ होती, आता तळहाताएवढा चकाकता डाग. काही महागड्या लॅपटॉपचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं. हाताला गार लागतं, बोटाने टिचकी मारली की आवाज वेगळा येतो. त्यावरचा रंगीत थर विजेच्या प्रक्रियेने धातूवरच तयार केलेला असतो, आणि तो फार पातळ असतो. घासला की खालचा पांढुरका धातू उघडा पडतो आणि घरी तो परत रंगवता येत नाही.

टूथपेस्टचं काय? टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक पावडर असते. ती काहीही भरून काढत नाही, आजूबाजूचा थर खरवडून ओरखड्याच्या कडा बोथट करते. गुळगुळीत, आरपार एकाच प्लास्टिकच्या वस्तूवर, म्हणजे घड्याळाच्या प्लास्टिकच्या काचेसारख्या, थोडा फरक दिसतो. तिथूनच हा उपाय पसरला असावा. लॅपटॉपच्या झाकणावर आणि स्क्रीनवर तो नुकसानच करतो. शिवाय बटणांच्या फटीत गेलेली पेस्ट वाळून पांढरी होते आणि निघत नाही. खाण्याचा सोडा, राख, तारेची घासणी, पॉलिश पेपर यांचंही तेच.

नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर आणि पेट्रोल यांना तर लॅपटॉपजवळ आणूच नका. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असेल तर काही प्लास्टिक विरघळतं, जागा पांढरी आणि चिकट होते.

आणि राहिला मार्कर. काळ्या झाकणावर काळ्या स्केच पेनाने ओरखडा भरायचा, हा उपाय सगळ्यांना सुचतो. घरात तो काळा दिसतो, बाहेर उजेडात जांभळा. घेणाऱ्याला ते लगेच दिसतं आणि त्याच्या मनात येतं, यांनी हे झाकलं, अजून काय काय झाकलं असेल? ओरखड्याने कदाचित दोनशे रुपये कमी झाले असते. संशयाने सगळा व्यवहारच मोडतो. मोठं स्टिकर चिकटवून ओरखडा झाकण्याचंही तसंच.

आपल्याकडे घेणारा बहुतेक ओळखीतलाच असतो. शेजारच्या वाडीतली मुलगी, गटातल्या ताईचा भाचा. पैसे एकदा येतात, पण हळदीकुंकवाला दरवर्षी भेट होते. लपवलेली गोष्ट तिथे निघाली तर लॅपटॉपच्या किमतीत ती भरून निघत नाही.

दुरुस्ती कधी करावी, कधी नाही?

वहीत एक साधा हिशोब मांडा. हे आकडे फक्त हिशोबासाठी आहेत, बाजारभाव नाहीत. समजा, ओरखड्यासकट लॅपटॉपला ९,००० रुपये मिळत आहेत. झाकण बदलायला दुकानदार २,५०० सांगतो. नवीन झाकणामुळे भाव १०,००० झाला. हातात किती? १०,००० वजा २,५०० म्हणजे ७,५००. म्हणजे दीड हजाराचा तोटा, वरून चकरा वेगळ्या. म्हणून फक्त दिसण्यासाठी झाकण किंवा वरचा भाग बदलू नका.

पण काही कामं करून घेणं बरं. बिजागरी सैल झाली असेल किंवा कोपऱ्यात तडा असेल तर तो वाढत जातो आणि एक दिवस स्क्रीनची वायरही तुटते. एखादं बटण निघालं असेल, चार्जरची वायर उघडी पडली असेल, तर तेही. उघड्या वायरीचा चार्जर कोणालाही विकू नये, शॉक बसतो. पुलगाव किंवा वर्ध्याला दोन दुकानांत भाव विचारा, कागदावर लिहून घ्या, मग वरचा हिशोब करा.

बाहेरच्या ओरखड्यापेक्षा आतली माहिती मोठी

झाकणावर दोन दिवस घालवतो आणि आतलं तसंच ठेवून लॅपटॉप देऊन टाकतो, असं होऊ नये. विचार करा, आत काय काय आहे? आधार कार्डाचे फोटो, पासबुकाची पहिली पानं, गटातल्या बायांच्या कर्जाच्या याद्या, मोबाइल नंबर, पोरींचे फोटो. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामं केलं तरी ती कायमची जात नाही, जाणकार माणूस ती परत काढू शकतो.

लॅपटॉप हातातून सोडण्याआधी हे करा :

पहिलं, लागणाऱ्या फाइल आणि फोटो पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री करा.

दुसरं, आपल्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडा आणि त्या लॅपटॉपवरून लॉग आउट करा. जीमेल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यातूनही लॅपटॉपवर साइन आउट करा.

तिसरं, चार्जर लावून ठेवा आणि रिसेट करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, मग रिसेट धिस पीसी. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी. पुढे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. मग 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा. ही शेवटची गोष्ट पुष्कळ जण विसरतात. ती चालू केली तरच माहिती परत काढणं अवघड होतं. याला काही तास लागू शकतात, मध्येच बंद करू नका.

हे जमत नसेल तर जाणत्या मुलीला सोबत बसवा. अनोळखी दुकानात "तुम्हीच पुसून घ्या" म्हणून सोडून येऊ नका.

फोटो आणि बोलणी

फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा. बंद झाकण, तळ, दोन्ही बाजू, बटणं, चालू स्क्रीन आणि चार्जर. मग प्रत्येक मोठ्या ओरखड्याचा जवळून एक फोटो, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. नाण्यामुळे ओरखडा किती लांब आहे ते कळतं. नाहीतर फोटोत छोटा ओरखडाही भला मोठा दिसतो.

सोबत चार ओळी लिहा. कोणत्या वर्षी घेतला, प्रोसेसर आणि रॅम, पूर्ण चार्ज केल्यावर बॅटरी घड्याळ लावून किती वेळ टिकली, आणि काय बिघाड आहे. उदाहरणार्थ : "झाकणावर बोटभर लांबीचा एक ओरखडा. डाव्या हाताखाली बांगडीच्या बारीक रेघा. स्क्रीन स्वच्छ. बॅटरी दीड तास."

आता घेणारा ओरखड्यावर बोट ठेवून भाव पाडायला लागला, तर तुमच्याकडे उत्तर आहे. "हो, ओरखडा आहे. फोटोत दाखवला आहे, लिहिलाही आहे. किंमत तो धरूनच सांगितली." असं शांतपणे म्हणा. एकाच दुकानाच्या बोलण्यावर जाऊ नका, निदान तीन ठिकाणी विचारा. आपली सगळ्यात खालची किंमत घरून ठरवून जा आणि ती मनातच ठेवा.

ऑनलाइन जाहिरात टाकणार असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. समोरचा "हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील" म्हणाला की फोन ठेवून द्या, तो पैसे काढणारा आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. लॅपटॉप दाखवायला एकटीने जाऊ नका, अनोळखी माणसाला घरी बोलावू नका. पैसे खात्यात आल्याचं आपल्या ॲपमध्ये पाहूनच लॅपटॉप हातात द्या. समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर भरवसा नको.

लॅपटॉप गटाचा असेल तर

गटाचा किंवा ग्रामसंघाचा लॅपटॉप एक-दोघींनी ठरवून विकायचा नसतो. बैठकीत विषय घ्या, ठराव लिहा, सह्या घ्या. ठरावात यंत्राचा क्रमांक, अवस्था आणि कमीत कमी किंमत लिहा. ओरखडे, तडा, बॅटरी सगळं त्यात येऊ द्या, म्हणजे उद्या कोणी "चांगला लॅपटॉप स्वस्तात देऊन टाकला" असं म्हणणार नाही. गटातलीच ताई घेत असेल तर तिने त्या ठरावात मत देऊ नये. पैसे गटाच्या खात्यावर भरा, पावती फाडा, मालमत्तेच्या नोंदवहीत नोंद करा. लॅपटॉप एखाद्या योजनेतून मिळालेला असेल तर लेखी परवानगीशिवाय विकू नका, आधी देवळीला तालुका कार्यालयात विचारून घ्या.

अगदीच चालत नसलेला लॅपटॉप कोणत्याही भंगारवाल्याला देऊ नका. तारा जाळून तांबं काढलं जातं आणि तो धूर वाईट असतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात जुन्या यंत्रांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. आपल्या लॅपटॉपच्या कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा.

जो अजून वापरात आहे त्याच्यासाठी

ओरखडे बहुतेक दोन ठिकाणी पडतात. एक, झाकणावर, कारण लॅपटॉप आणि चार्जर एकाच थैलीत सुटे टाकतो आणि चार्जरच्या पिना घासतात. चार्जर वेगळ्या पिशवीत गुंडाळा. दोन, हात टेकतो तिथे, बांगड्यांमुळे. त्यासाठी बांगड्या काढायची गरज नाही, लिहिताना मनगटाखाली घडी केलेला रुमाल ठेवला की झालं.

विकण्याआधी ही यादी तपासा

☐ नख फिरवून मळ, ओरखडा, पोचा, तडा वेगळे ओळखले
☐ बॅटरी फुगलेली नाही, हे पाहिलं
☐ धूळ आधी झटकली, मग ओलसर कापडाने पुसलं
☐ खरा ओरखडा घासला नाही, रंगवला नाही
☐ फाइल पेन ड्राइव्हवर घेतल्या, खात्यांतून बाहेर पडलो, 'क्लीन डेटा'सह रिसेट केलं
☐ ओरखड्यांचे फोटो नाण्यासोबत काढले, चार ओळी लिहिल्या
☐ तीन ठिकाणी भाव विचारला
☐ गटाचा असेल तर ठराव झाला

ही यादी कापून गटाच्या वहीत चिकटवा. कोणाकडे विकायचा लॅपटॉप असेल तर पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या, सोबत एक मऊ सुती कापड आणा. नख कसं फिरवायचं आणि रिसेट कसं करायचं, ते आपण सगळ्या मिळून करून पाहू.

— क्षेत्र समन्वयक, नाचणगाव